मागं राहणाऱ्यांचा मुकादम

चंद्रावर, मंगळावर किंवा त्याच्याही पलीकडं जिथं कुठं माणसं पाठवायची असतील तिथं ती आमच्या साडूंना विचारल्याशिवाय पाठवता कामा नयेत, असं या भूतलावर एकाच माणसाचं ठाम मत होतं, आणि तो माणूस म्हणजे आमचे साडू. बाकीचं जग या बाबतीत अगदीच गाफील होतं. अग्निबाणवाले त्यांना न विचारता अग्निबाण सोडत, पेपरवाले त्यांना न विचारता बातम्या छापत, आणि आपल्या वाडीतल्या दूध सोसायटीच्या ओट्यावर बसून साडू त्या बातम्यांवर असे काही खवळत, की दूध घालायला आलेल्या नवख्या माणसाला वाटावं, चंद्र यांच्याच सातबाऱ्यावर आहे आणि कुणीतरी बांध कोरलाय.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. जन्म ऊसतोडीच्या मुकादमकीत गेलेला. दसरा झाला की गावोगावची माणसं जमवून टोळी करायची, ती कारखान्याच्या ट्रकात घालायची, कधी इथंच माजलगावकडं, कधी घाट उतरून पश्चिमेला, कधी पार कर्नाटकात न्यायची, आणि उन्हाळ्यात कारखान्याचा पट्टा पडून गाळप थांबलं की परत आणायची. सगळे त्यांना मुकादम म्हणत, मीही मुकादमच म्हणे. मी पडलो घाटनांदूरचा शाळामास्तर. माणसं लांब नेण्याच्या विषयात माझं मत ते हिशेबातच धरत नसत. "मास्तर, तुमी सहल नेलेला माणूस. सहल येगळी आन् टोळी येगळी," असं म्हणून मला गप्प करत. त्यात एकदा वेरूळच्या सहलीहून येताना मी सगळी पोरं नीट मोजून आणली, पण आमच्या हेडमास्तरांनाच लेण्यांत विसरून आलो होतो. ही गोष्ट साडूंनी तालुकाभर केली. लग्नाच्या पंगतीत, मयतीच्या ओट्यावर, एसटीत अनोळखी माणसाच्या शेजारी बसले तरी, ओळख करून देताना "हे आमचे साडू, यांनी हेडमास्तर हरवलाता" असंच म्हणत.

अंतराळाचं सगळं त्यांनी आपल्या भाषेत बसवून घेतलं होतं. यानाला ते गाडी म्हणत, आत बसणारांना टोळी, आणि अग्निबाण सोडतात त्या जागेला कारखाना. पेपर मी वाचायचा आणि चौकशी त्यांनी करायची. टोळीत बाया हायत का? दुखलं-खुपलं तर कोण बघणार? स्वैपाक कोण करतंय? मी म्हणालो, "मुकादम, तिथं स्वैपाक नसतो. पुड्यांतलं खातात." तर कपाळाला हात लावून म्हणाले, "पुड्यातलं खाऊन टोळी पळून जाती, मास्तर. मी बघितलंय." "पळून कुठं जाणार? बाहेर हवाच नाही." यावर ते तंबाखू मळत बसले. मला वाटलं, चला, एकदाचे हरले. मग हळूच म्हणाले, "मग तर लईच वाईट. जो पळून जाऊ शकत न्हाई, तो राजीखुशीनं ऱ्हायला का अडकून पडला, हे वळखायचं कसं?" मी पेपराचं पान उलटलं. मास्तर माणसाला उत्तर नसलं की पान उलटता येतं, एवढी एक सोय आहे.

फार वर्षांपूर्वी तिघंजण चंद्राकडं गेले, दोघं खाली उतरले आणि तिसरा वरच गाडीत बसून एकटा चकरा मारत राहिला, हे मी त्यांना कधीतरी बोलून बसलो आणि जन्माची पीडा लावून घेतली. उतरलेल्या दोघांची नावंसुद्धा त्यांनी कधी विचारली नाहीत. तिसरा मात्र त्यांच्या घरातलाच झाला. पौर्णिमा आली की तिसरा आला. "त्याला वाटा बराबरीचा मिळाला का हो?" फडावर कोपीशी, म्हणजे पाचटाच्या झोपडीशी, थांबून बैल आणि लेकरं सांभाळणाऱ्याचा वाटा ते तोडणाऱ्याइतकाच धरत, म्हणून ही काळजी. एकदा मी आणखी शहाणपणा केला. म्हणालो, चंद्राच्या पाठीमागं गाडी गेली की त्याचं बोलणं कुणालाच ऐकू येत नसे, खालच्या दोघांनाही नाही आणि पृथ्वीवरच्यांनाही नाही. साडूंनी हातातला चहा ओट्यावर ठेवला. "म्हंजे ना इकडचा ना तिकडचा. मास्तर, त्याला भाकर कशी गेली आसंल हो?" तो चहा तसाच गार झाला.

आता कुणी म्हणेल, दुष्काळी भागातला माणूस, म्हणून त्याचा असल्या उद्योगांवर राग. तसं मुळीच नव्हतं. एका साली पाऊस असा फिरकला नाही, की माजलगावच्या धरणात गाळाला भेगा पडल्या, कारखान्यांची धुराडी थंड झाली, जनावरं चारा छावणीत गेली आणि वाडीला टँकर येईल त्या दिवशी सण. नेमकी तेव्हाच पेपरात बातमी आली की चंद्रावर पाण्याच्या खुणा सापडल्या. दूध सोसायटीचे चेअरमन मांडीवर थाप मारून म्हणाले, "घ्या! इथं प्यायला न्हाई, आन् हे चंद्रावर पाणी हुडकायलेत. बंद करा म्हणावं हे सगळं." ओट्यावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या आणि आता साडू तोफ डागणार म्हणून त्यांच्याकडं बघितलं. तोफ डागली, पण चेअरमनवरच. "कावून बंद करायचं? दुष्काळ पडला म्हणून आपली माणसं घरात बसली का? जिथं काम तिथं माणूस जाणार. चंद्रावर जाईल न्हाई तर आणिक कुठं जाईल. कुणाच्या बापाला आडवता येत न्हाई. इचारायचं ते एवढंच, की नेताना मागच्याला इचारलं का, आन् आणून कोण घालणार!"

हे 'मागच्याला विचारणं' म्हणजे साडूंची रीत होती. टोळी निघायच्या आधी ते घराघरांत जात. जाणाऱ्याशी नाही, मागं राहणाऱ्याशी बोलत. उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, पायताण काढायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही, आणि आतल्या म्हाताऱ्याला किंवा म्हातारीला विचारायचं, "नेऊ का?" आतून उत्तर यायचं, "न्या, पण आणून घाला." मगच माणूस ट्रकात चढायचा. आणि उन्हाळ्यात परतल्यावर त्याच उंबऱ्याशी उभं राहून सांगायचं, "आणून घातलं बघा." मगच पाणी प्यायचं. एका साली एक म्हातारी 'न्या' म्हणेचना. ट्रकवाला हॉर्न वाजवून थकला, टोळी गाठोड्यांवर बसून पेंगली, आणि साडू उन्हात उंबऱ्याबाहेर उभे. शेवटी म्हातारी म्हणाली, "लेक-सुनंला ने रे बाबा, पण माज्या शेळीला चारायला कोण नेईल ते आदी सांग." शेळीची सोय लावून दिली तेव्हा गाडी हलली. त्यांच्यानंतरचे मुकादम फोनवरच सगळं उरकू लागले. "फोनवर इचारलं तर माणूस हो म्हणतंय," साडू म्हणत, "पण त्याचं तोंड कुठं दिसतंय?"

एकदा अंबाजोगाईला एका कॉलेजात अंतराळावर व्याख्यान होतं, तिथं मी त्यांना घेऊन गेलो. आता वाटतं, बैल नेला असता तर बरं झालं असतं. एक तरुण शास्त्रज्ञ बाई बोलत होत्या आणि फार छान बोलत होत्या. शेवटी 'काही प्रश्न?' म्हणाल्या आणि साडू उठले. "बाईसाहेब, माणूस वर नेताना त्याच्या मागच्याला कोण इचारतं?" बाई म्हणाल्या, "काका, जाणारे स्वखुशीनं जातात. घरच्यांसाठी समुपदेशक असतात." "ते काय आसतंय?" "धीर देणारी माणसं." "धीर मागून द्या. आदी इचारा." सभागृहानं टाळ्या वाजवल्या. त्याच क्षणी ते खाली बसले असते तर आजही अंबाजोगाईत त्यांचं नाव निघालं असतं. पण टाळी ऐकून खाली बसेल तो मुकादम कसला! तिथं लेकरू जन्मलं तर ते कोणत्या ग्रामपंचायतीत? तिथं माणूस मेला तर दहाव्याला कावळा कुठून आणायचा? शिवायचा तर त्यानं कशाला शिवायचं? मग त्यांनी कर्नाटकातल्या एका सीझनची सगळी हकिकत सुरू केली, तेव्हा मी मागून धोतराचा सोगा ओढला. बाई मात्र भल्या. हसून म्हणाल्या, "काका, कावळ्याचं उत्तर माझ्याकडं खरंच नाही." परतीच्या एसटीत साडू खूश होते. "इमानदार बाई हाय," ते सारखं म्हणत होते, "न्हाई म्हणाली बघा, न्हाई."

इथं एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. माझी मेव्हणी, म्हणजे साडूंची बायको, वाडीत तापानं गेली तेव्हा साडू टोळी घेऊन लांब फडावर होते. निरोप त्याच दिवशी पोचला होता. पण ज्याच्या हाती पोचला त्या माणसानं विचार केला, मुकादम निघाला तर टोळी पांगंल, ऊस अर्धा उभा राहील, एवढा फड संपू दे मग सांगू. फड संपला, मग सांगितलं. साडू आले तेव्हा माती होऊन गेली होती आणि चूल सारवून झाली होती. ते त्या माणसाला कधी काही बोलले नाहीत. मला मात्र एकदाच, ते पण दुसरंच काही बोलता बोलता, म्हणाले, "मास्तर, ती इकडं गेलती, आन् मी तिकडं त्या दिवसांत हासलोबी आसंन हो. कुणी काय इनोद केला आसंल, हासलो आसंन."  

त्यांची एकुलती एक लेक तेव्हा लहान होती. फडाच्या दिवसांत ती आमच्याकडं घाटनांदूरला राही, माझ्याच शाळेत शिकली. पुढं अंबाजोगाईला डॉक्टर झाली आणि कुठल्या कुठं नोकरीला गेली. बापाला ती आबा म्हणे आणि मला काका. एके वर्षी दसऱ्याच्या सुमाराला तिचा साडूंना फोन आला. मीही तिथंच होतो. ती सांगत होती, पार उत्तरेला, बर्फाच्या वाळवंटात शास्त्रज्ञांनी एक बंद घर बांधलंय, उद्या माणसं मंगळावर राहायला गेली तर त्यांच्या मनाचं आणि शरीराचं काय होईल ते बघायला. सहाजण आत जाणार, बाहेरून दार लागणार, दिवाळीनंतर आत आणि पावसाळ्याच्या तोंडाला बाहेर. टोळीची डॉक्टर म्हणून तिची निवड झाली होती. साडू सगळं ऐकून म्हणाले, "म्हंजे सीझनच की." आणि मग म्हणाले, "पण फोनवर न्हाई." आणि फोन ठेवून दिला.

पोरगी बापाचीच. रजा काढून रेल्वेनं घाटनांदूरला उतरली, मला घेऊन तडक वाडीला गेली आणि उंबऱ्याबाहेर बूट न काढता उभी राहिली. साडू आत ज्वारी निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही. ती म्हणाली, "आबा, तुमच्या लेकीला नेऊ का?" साडू म्हणाले, "जाणाराच मुकादम कसा काय? हे बसत न्हाई. येगळा माणूस पायजे." दोघांनीही माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "अहो, मी कसा? मी काय त्या शास्त्रज्ञांचा माणूस आहे?" "त्यांचं कुणी आलंय का दारात? न्हाई ना. मग तुमीच ऱ्हायले. आन् नीट इचारा, सहलीवानी न्हाई." तर असा मी, हेडमास्तर हरवलेला माणूस, त्या उंबऱ्याशी उभा राहिलो आणि घसा खाकरून म्हणालो, "मुकादम, तुमच्या लेकीला नेऊ का?" आधी मला हसू आलं होतं. पण विचारल्यावर बघतो तर त्यांचे ज्वारीतले हात थांबलेले.  बाहेर कोंबडी फडफडली, शेजारणीनं बादली आपटली, तरी ते हलेनात. एवढ्या वर्षांत ते नेहमी उंबऱ्याच्या या बाजूला उभे राहिलेले. त्या बाजूनं हा प्रश्न कसा ऐकू येतो ते त्यांना ठाऊक नसावं. शेवटी म्हणाले, "न्या. पण आणून घाला, मास्तर."  मस्करीत का होईना, जबान मी दिली होती.

पण तिचं अजून एक काम होतं. ती आत आली, बापाशेजारी बसली. म्हणाली, "आबा, एक विचारतात सगळ्यांना. आत असताना घरी काही बरंवाईट झालं, तर आम्हाला कळवायचं की बाहेर आल्यावर सांगायचं? प्रत्येकानं आधीच सांगून ठेवायचं असतं. तुम्ही म्हणाल तसं." घरात तिघंच होतो आणि तिघांनाही एकच गोष्ट आठवत होती. साडू म्हणाले, "सांगायचं. तवाच्या तवा सांगायचं. लपवायचं न्हाई." ती म्हणाली, "आबा, कळलं तर मी आत थांबायची नाही. आणि मी बाहेर आले तर दार उघडलं म्हणून सहाही जणांची सगळी मेहनत वाया." साडूंनी ज्वारीतला एक खडा उचलून बाहेर फेकला आणि म्हणाले, "मग मी मरत न्हाई."

आणि त्या दिवसापासून आमच्या साडूंनी न मरण्याचं काम अंगावर घेतलं. माणूस एखादं काम अंगावर घेतो म्हणजे किती घेतो? मोटरसायकल विकायला काढली. ठेचा बंद केला, ज्याच्याशिवाय त्यांनी लग्नातलं जेवणसुद्धा पानचट म्हणून नाकारलं होतं. विहिरीच्या काठाला जायचे नाहीत, मारक्या बैलाच्या गल्लीतून जायचे नाहीत, आणि दवाखान्यात जाऊन रक्तदाब इतक्या वेळा मोजून घेऊ लागले की तिथल्या सिस्टरबाई त्यांना लांबून बघूनच "चांगलाय, मुकादम, जावा घरी" म्हणून ओरडत. मयतीला जाणं सोडलं. "नगं मास्तर, उगं सवय लागती." सगळ्यात कहर म्हणजे भांडणं. त्या सालीही पावसानं दगा दिला होता, टँकर आला की पाइपावरून वाडीत रोज महाभारत, आणि त्यात साडू एरवी पहिल्या फळीत. पण आता टँकरवाल्यानं त्यांचा हंडा पायानं सरकवला तरी दात खाऊन म्हणत, "आत्ता न्हाई बे. रगत चढतंय माजं. पोरगी बाहेर येऊ दे, मग तुज्याकडं बघतो." अशी कितीतरी भांडणं त्यांनी पावसाळ्यापर्यंत पुढं ढकलून ठेवली होती. ज्यांची ठेवली होती ती माणसंही बिचारी वाट बघत होती.

हसतो मी आता. पण ते दिवस हसण्याचे नव्हते. दिवाळीनंतर टोळ्या गेल्या की वाडी रिकामी होते. कुलपं, शेळ्या आणि म्हातारी माणसं, एवढंच उरतं. टोळी नेत तोवर या दिवसांत साडू कधी वाडीत नसत आणि ती सोडल्यावर दूध सोसायटीच्या ओट्यावरून हलत नसत, त्यामुळं आपण माणसं नेल्यावर मागं काय उरतं ते त्यांनी पहिल्यांदाच नीट बघितलं. दुपारी एकेका म्हाताऱ्याच्या उंबऱ्याशी जाऊन बसत.  मी रविवारी जाई तेव्हा मला म्हणत, "मास्तर, हितं आवाजच न्हाई हो. मी इतकी वर्षं माणसं नेली, आवाजबी नेला की संगं." एकदा म्हणाले, "ती म्हातारी शेळीचं इचारायलीती, तवा मला राग आलता. आता कळलं. दुसरं कुणी नव्हतंच तिला." रोज दिवेलागणीला ओट्यावर बसून ते वर बघत. मी शेवटी मास्तरकी केलीच. म्हणालो, "मुकादम, ती वर गेलेली नाही. जमिनीवरच आहे, आपल्याच देशात, उत्तरेला." त्यांनी मान खाली न करताच सांगितलं, "मला ठाऊक हाय, मास्तर. पण बघायचं कुठं मग?"

तिचा निरोप आठवड्यातून एकदा फोनवर येई, तोही तिच्या आवाजात साठवलेला. खरा मंगळ लांब, म्हणून बोलणं मुद्दाम उशिरानं पोचवायचं, अशी तिथली पद्धत. साडू फोन मांडीवर ठेवून तिचा निरोप ऐकत आणि मग आपला सांगत. मी कान देऊन ऐकलं तर म्हणतायत, "पाऊस लई झाला बघ. नाल्याला पाणी हाय. हरभरा झकास." बाहेर वाऱ्यावर नुसती माती उडत होती! मी म्हणालो, "अहो, काय हे? लपवायचं नाही म्हणून कुणी सांगितलं होतं?" जरा ओशाळले. मग उसळून म्हणाले, "ते मरणाचं सांगितलंतं. पाऊस काय मरण हाय का? पाऊस जरा हिकडंतिकडं चालतोय." फाल्गुनात एकदा त्यांना चांगलाच ताप भरला. मी आणि माझी बायको रात्रंदिवस उशाशी. बायको बहिणीच्या आठवणीनं कोपऱ्यात जाऊन रडे. साडूंची शुद्ध जाई-येई, पण जेव्हा येई तेव्हा ते एकच विचारत, "सीझन किती ऱ्हायलाय?" मी म्हणे, संपत आलाय मुकादम, संपत आलाय. ते डोळे मिटून घेत आणि ओठ असे आवळत, जणू उसाची जडशीळ मोळी डोक्यावर घेऊन ट्रकाला लावलेली फळी चढतायत. आणि चढले. ताप उतरला त्या दिवशी मी अंगणात जाऊन ढसाढसा रडलो, लाज कसली त्यात.

ज्येष्ठात दार उघडलं. आमची भाची घाटनांदूरच्या स्टेशनवर उतरली तेव्हा मी गाडीच्या आधी किती वेळ तिथं उभा होतो ते सांगत नाही. वाळली होती, पांढरीफटक पडली होती आणि माणसं दिसली की उगीच हसत होती. तिला घेऊन वाडीत गेलो. साडूंनी दाढी केली होती, धुतलं धोतर नेसले होते आणि आमची चाहूल लागताच पाठ करून, काही काम नसताना, कोनाड्यातली डबडी मांडत बसले होते. मी उंबऱ्याबाहेर उभा राहिलो. पायताण काढलं नाही.  म्हणालो, "मुकादम, आणून घातली बघा." ते वळले. तिला वरपासून खालपर्यंत बघितलं, तोंडावरून हात फिरवला. ती म्हणाली, "आबा, पाऊस कुठाय? सगळं तर वाळलंय." साडू हसायला लागले आणि हसता हसताच रडायला लागले, आणि मला म्हणाले, "पाणी पिऊन घ्या, मास्तर. आता तुमी मुकादम झाले." हेडमास्तरांची गोष्ट त्यांनी त्यानंतर पुन्हा कधी सांगितली नाही, आणि खरं सांगतो, मला चुकल्यासारखंच वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर आला. साडू ठेचा खाऊन, बाह्या सरसावून सगळ्यांच्या आधी पाइपापाशी हजर.

पुढं ती पुन्हा कामावर गेली, पाऊसही पुढल्या साली बरा झाला. एका श्रावणात मी वाडीला गेलो होतो. दोघं जेवलो. साडू म्हणाले, जरा पडतो, आणि आत गेले. मी दारात पेपर वाचत बसलो. माणसं पुन्हा चंद्रावर जायच्या तयारीत आहेत अशी बातमी होती, ती घडी घालून बाजूला काढून ठेवली. उठले की वाचून दाखवू, तासभर तरी खवळतील, वेळ बरा जाईल. ते उठलेच नाहीत.

लेकीला तवाच्या तवा कळवलं. ती आली, सगळं तिच्या हातानं झालं. लोक म्हणाले, भाग्यवान, झोपेत गेला, त्रास नाही, आणि मीही हो हो म्हणालो. पण माझं दुखणं निराळंच आहे आणि ते आता ऐकून घ्यायला माणूस राहिलेला नाही. त्या दुपारी उंबऱ्यात मीच बसलो होतो. आत जायचं तर मला ओलांडूनच जावं लागलं असतं. ज्यानं कुणी त्यांना नेलं, त्यानं मला साधं विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तर मी काही फार ताणून धरलं नसतं, रीत मला ठाऊक होती. न्या, म्हटलं असतं, पण आणून घाला.